क्रेपेलिनची पेटी

जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात १८९० नंतरच्या दशकात एक पेटी ठेवलेली असे. नवा रुग्ण दाखल झाला, की त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांनी आपापले निदान चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. इस्पितळाचा प्रमुखही आपली चिठ्ठी त्याच पेटीत टाकत असे. काही काळाने पेटी उघडली जाई. कोणी काय म्हटले होते याची नोंद होई आणि रुग्ण घरी जाताना, किंवा दुर्दैवाने जगातूनच जाताना, अखेरीस काय दिसले तेही त्या नोंदीपुढे लिहिले जाई. आपण कुठे चुकलो हे आपल्याच अक्षरात वाचायला मिळावे, ही व्यवस्था त्या प्रमुखाने मुद्दाम केली होती. त्याचे नाव एमिल क्रेपेलिन.

सिग्मंड फ्रॉइड आणि क्रेपेलिन हे दोघे १८५६ या एकाच वर्षी जन्मले. फ्रॉइड आपल्याकडे कॉलेजच्या गप्पांतही येतो. क्रेपेलिनचे नाव मात्र मनोविकारतज्ज्ञाच्या कपाटातल्या जाड पुस्तकांपलीकडे फारसे कुणी ऐकलेले नसते. आज एखाद्या घरातल्या तरुण मुलाच्या केसपेपरवर स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर यांपैकी एक शब्द लिहिला जातो, तेव्हा ही दोन दालने मुळात क्रेपेलिनने बांधलेली असतात. आणि या आजारांचे मूळ मेंदूत दिसलेच पाहिजे, हा ध्यासही बराचसा त्याचाच.

उत्तर जर्मनीतल्या नॉयश्ट्रेलिट्झ या लहान गावी १५ फेब्रुवारी १८५६ रोजी त्याचा जन्म झाला. वडील रंगभूमीवरचे कलावंत, पुढे ते गावोगाव साहित्यवाचनाचे कार्यक्रम करीत. एमिलला मात्र घडवले ते थोरल्या भावाने. कार्ल त्याच्याहून सुमारे सात वर्षांनी मोठा, निसर्गशास्त्राचा अभ्यासक, पुढे हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयाचा, म्हणजे जतन केलेल्या प्राण्यांच्या वस्तुसंग्रहालयाचा, संचालक झालेला. वनस्पती गोळा कराव्यात, सारख्या कोणत्या आणि वेगळ्या कोणत्या ते पाहून त्यांच्या जाती पाडाव्यात, हे धाकट्याने भावाकडे पाहिले. पुढे माणसांच्या दुःखाच्या जाती पाडताना त्याची नजर तीच राहिली. ही त्याची ताकद होती आणि माझ्या मते त्याचे उणेही तेच.

वैद्यकीचे शिक्षण लाइप्झिग आणि व्युर्झबुर्गला झाले. १८७८ मध्ये तो म्युनिकला प्रोफेसर गुडेन यांच्या हाताखाली लागला. गुडेन मेंदूच्या रचनेचे मोठे जाणकार. त्या काळी मनोविकाराचा डॉक्टर म्हणजे दिवसा वॉर्डात आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकावर वाकलेला माणूस. मेलेल्या रुग्णाच्या मेंदूचे पातळ काप करायचे, रंग द्यायचा आणि वेड कुठे लपले आहे ते शोधायचे. क्रेपेलिनची अडचण अशी, की त्याला डोळ्यांचा त्रास होता. तासन् तास सूक्ष्मदर्शकात पाहणे त्याला झेपत नसे. मेंदूत उत्तर आहे अशी खात्री असलेल्या माणसाला ते स्वतःच्या डोळ्यांनी शोधता येऊ नये, हे एखाद्या कादंबरीकाराने रचले असते तर वाचकांनी ते ओढूनताणून आणलेले ठरवले असते.

(या गुडेन यांचा शेवट तर कोणत्याही कादंबरीत शोभावा. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला वेडा ठरवणाऱ्या तज्ज्ञांचे ते अग्रणी. जून १८८६ मध्ये राजा आणि वैद्य दोघे श्टार्नबर्ग तळ्याकाठी फिरायला गेले आणि दोघांचीही प्रेतेच सापडली. पण ती हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.)

१८८२ मध्ये क्रेपेलिन लाइप्झिगला फ्लेक्सिग यांच्याकडे गेला. तेही मेंदूचेच अभ्यासक. पण दोघांचे पटले नाही आणि काही महिन्यांतच नोकरी गेली. लग्न ठरलेले आणि हातात पैसा नाही, अशी स्थिती. आधार दिला तो विल्हेल्म व्हुंट यांनी. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढणारे ते हेच. त्यांनी त्याला एक छोटेखानी पुस्तक लिहायला सुचवले. चार पैसे मिळावेत म्हणून लिहिलेले ते पुस्तक १८८३ मध्ये निघाले. पुढच्या बत्तीस वर्षांत त्याच्या आवृत्त्या फुगत फुगत आठवीला चार जाडजूड खंड झाले आणि साऱ्या जगातले मनोविकारतज्ज्ञ त्यावरून शिकले. १८८४ मध्ये इना श्वाबेशी लग्न झाले. संसारात अपत्यवियोग वाट्याला आला. पुढे चार मुली वाढल्या.

वयाच्या तिसाव्या वर्षी, १८८६ मध्ये, रशियन साम्राज्यातल्या डोर्पाट येथे त्याला प्राध्यापकपद मिळाले. आजच्या एस्टोनियातले हे तार्तू. तिथले पुष्कळसे रुग्ण एस्टोनियन किंवा रशियन बोलणारे, याला दोन्ही भाषा येत नव्हत्या. दुभाष्यामार्फत तपासणी चाले. रुग्णाचे म्हणणे नीट कळत नसेल, तर डॉक्टरने काय पाहायचे? चेहरा, चाल, हातवारे आणि दिवसांमागून दिवस आजार कोणत्या वळणाने जातो ते. क्रेपेलिनच्या पुढच्या पद्धतीत रुग्णाचे बोलणे मागे पडले आणि आजाराची वाटचाल पुढे आली, त्यात डोर्पाटच्या या पाच वर्षांचा वाटा असावा असे मला वाटते.

१८९१ मध्ये तो हायडेलबर्गला आला आणि नोंदी साठू लागल्या. चिठ्ठ्यांच्या पेटीखेरीज प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड. आजार कधी सुरू झाला, घराण्यात कुणाला होता का, लक्षणे कोणती, पुढे काय झाले. माणूस घरी गेला तरी त्याची चौकशी करून कार्ड पुढे भरले जाई. माझी उमेद बँकेत गेली. संगणक येण्याआधी लेजरच्या कार्डांवर आम्ही खातेदाराची वर्षानुवर्षे डोळ्यांखालून घालत होतो. एका दिवसाची शिल्लक पाहून माणूस कळत नाही. दहा वर्षांचे कार्ड हातात घेतले, की मुलीचे लग्न, गिरणीचा संप, आजारपण, सगळे आकड्यांतून दिसू लागते. क्रेपेलिनने वेडाच्या बाबतीत हेच केले. त्याच्याआधी डॉक्टर रुग्णाची आजची शिल्लक बघून नाव देत. आज ओरडतो म्हणून एक रोग, उद्या गप्प बसला म्हणून दुसरा.

कार्डांच्या ढिगातून त्याला दोन वाटा दिसल्या. काही माणसांचा आजार झटक्याने येई, कधी अतिउत्साहाचा, कधी खोल उदासीचा. मग तो ओसरे आणि माणूस बऱ्याच अंशी पूर्ववत होई. हा उन्माद-अवसादाचा आजार. दुसऱ्या वाटेवरची माणसे बहुधा ऐन तारुण्यात आजारी पडत आणि झटका ओसरला तरी आधीची राहत नसत. मन विरत जाई. यात कुणी लाकडासारखा ताठ होऊन बसे, कुणी खुळ्यासारखा हसे, कुणाला शत्रू आणि आवाज छळत. हे वेगवेगळे आजार म्हणून आधीच्या डॉक्टरांनी वर्णिले होते. क्रेपेलिनने ते एका छत्राखाली आणले आणि नाव दिले डिमेन्शिया प्रीकॉक्स, म्हणजे अकाली आलेला बुद्धिभ्रंश. १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत ही दोन दालने ठळकपणे मांडली गेली. पहिल्याला आज आपण बायपोलर म्हणतो. दुसऱ्याचे नाव स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये बदलून स्किझोफ्रेनिया केले. मराठी कुटुंबांनी तो पडद्यावर पाहिला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त, २००४ मध्ये.

या नावाने भले किती झाले आणि वाईट किती, याचा हिशेब सोपा नाही. आपल्या मुलाला काय झाले आहे, पुढे काय होणार, याचे काहीतरी उत्तर आईबापांना पहिल्यांदा मिळू लागले. पण ते उत्तर शिक्षेसारखे होते. नावातच शेवट सांगून टाकलेला. काही जण पुष्कळसे सुधारतात हे क्रेपेलिनच्या स्वतःच्या नोंदींत दिसत होते, तरी नावाचा धाक मोठा ठरला.

आता मेंदूकडे वळू. क्रेपेलिनचे गृहीतक सरळ होते. आजाराची वाट एक, तर त्याचे कारण एक, आणि मेंदूतली खूणही एकच असणार. या आशेला त्या काळी भक्कम पुरावाही होता. मनोरुग्णालयांतले पुष्कळ रुग्ण एका विशिष्ट आजाराचे असत. आधी बढाईखोर भ्रम, मग बोबडे बोलणे, मग लुळेपणा आणि काही वर्षांत मृत्यू. तो उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, उशिरा उमटलेला परिणाम निघाला. मेंदूत ठरावीक नासधूस सापडे आणि १९१३ मध्ये त्या रुग्णांच्या मेंदूत जंतूही दाखवण्यात आले. एका वेडाचे कोडे सुटले, तर बाकीची का सुटू नयेत?

स्वतःचे डोळे साथ देत नव्हते, म्हणून क्रेपेलिनने दुसऱ्यांचे डोळे गोळा केले. माणसे पारखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हायडेलबर्गला फ्रान्झ निस्सल होता, मेंदूतल्या पेशींना रंग देण्याची त्याची रीत आजही त्याच्याच नावाने चालते. १९०२ मध्ये निस्सलचा मित्र अलॉइस अल्झायमर फ्रँकफुर्टहून आला आणि १९०३ मध्ये क्रेपेलिन म्युनिकला गेला तेव्हा तोही बरोबर गेला. अल्झायमरची पत्नी श्रीमंत होती, ती १९०१ मध्ये वारली. तिच्या मागे राहिलेल्या पैशावर या माणसाने म्युनिकला सुरुवातीला बिनपगारी काम केले. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता तो सूक्ष्मदर्शकांशेजारी जळत्या सिगारी विसरत जाई, असे सांगतात.

फ्रँकफुर्टच्या इस्पितळात १९०१ मध्ये ऑगुस्टे डेटर नावाची एकावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली होती. नवऱ्यावर संशय, विसराळूपणा, स्वतःचे नाव लिहितानाही अडखळणे. एप्रिल १९०६ मध्ये ती गेली आणि अल्झायमरने तिचा मेंदू म्युनिकला मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत पेशींच्या आतले गुंतलेले धागे आणि पेशींबाहेरचे डाग लख्ख दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत त्याने हे मांडले. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला एक प्रश्नही विचारावासा वाटला नाही. क्रेपेलिनने मात्र १९१० मध्ये आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले.

म्हणजे डोळे तरबेज होते, रंग उत्तम होते, उपकरणे चांगली होती. तेच डोळे, तेच रंग, तीच उपकरणे डिमेन्शिया प्रीकॉक्सने गेलेल्यांच्या मेंदूवर लावली गेली आणि तिथे गाडे अडले. काहींच्या मेंदूत वरच्या थरांतल्या पेशी कमी झाल्यासारख्या वाटत, काहींच्या आधारपेशी वाढल्यासारख्या. एका मेंदूत दिसले ते दुसऱ्यात दिसेना. ऑगुस्टेच्या मेंदूत होती तशी, कापाकडे पाहताच नाव सांगता येईल अशी, खूण कुठेच नव्हती. क्रेपेलिनला वाटे, आज ना उद्या सापडेल. रंग अजून चांगले हवेत, मेंदू अजून जास्त हवेत. खूण एकच नसेल तर, हा प्रश्न त्याच्या पद्धतीत बसत नव्हता.

म्युनिकला बसायच्या सुमारासच तो भावाबरोबर जावाला जाऊन आला. तिथल्या बाउटेनझोर्गच्या मनोरुग्णालयात त्याने तेच दोन आजार शोधले. सापडलेही, पण त्यांचे रूप युरोपातल्यापेक्षा थोडे निराळे होते. खरे तर इथेच त्याला थबकायला जागा होती. एरवी तो कष्टाळू, शिस्तीचा, थोडा रूक्ष माणूस. म्युनिकसारख्या बिअरच्या राजधानीत राहून त्याने दारूविरुद्ध आयुष्यभर मोहीम चालवली, यावरून त्याच्या हट्टाची कल्पना यावी. कविताही लिही, आणि म्हातारपणी त्याला बौद्ध विचाराची ओढ लागली होती.

पण या माणसाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. वर्गवारीची सवय वॉर्डाबाहेर गेली. समाजाची पिढ्यान् पिढ्या अवनती होत आहे, दुबळ्या रक्ताची माणसे वाढत आहेत, अशा कल्पना त्याने उचलल्या आणि आपल्या मोठ्या नावाचे वजन त्यांच्या मागे टाकले. पहिल्या महायुद्धात तो कडवा राष्ट्रवादी झाला. हाताखालचा अर्न्स्ट र्‍युडिन आनुवंशिकतेचा अभ्यास करीत होता, त्याला त्याने वर आणले.

युद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, म्युनिकला मनोविकारांच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. क्रेपेलिनचे हे स्वप्नच होते. पैसा कुठून आला? त्यातला मोठा वाटा जेम्स लोब या अमेरिकन माणसाचा. न्यूयॉर्कच्या बड्या बँकर घराण्यातला, वंशाने ज्यू, ग्रीक आणि लॅटिन ग्रंथमालेमुळे विद्वानांना ठाऊक असलेला. मनाच्या आजारामुळेच त्याने १९०१ मध्ये पेढी सोडली होती आणि पुढे जर्मनीत येऊन राहिला होता. क्रेपेलिनने त्याच्यावर उपचार केले होते. बँकर आणि रुग्ण असा हा देणगीदार.

संस्था उघडली, पण डोळे मिटत गेले. अल्झायमर १९१५ मध्येच एक्कावन्नाव्या वर्षी वारला होता. मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणारा ब्रोडमन १९१८ मध्ये आला आणि त्याच वर्षी गेला. निस्सल १९१९ मध्ये. १९२० मध्ये चौसष्ट वर्षांच्या क्रेपेलिनने एक निबंध लिहिला आणि त्यात आपल्याच दोन दालनांमधल्या भिंतीबद्दल शंका घेतली. कित्येक रुग्णांत दोन्हींची लक्षणे मिसळलेली असतात, त्यांची सरळ विभागणी होत नाही, हे त्याने मान्य केले. पेटीतली चिठ्ठी स्वतःच काढून वाचावी तसे हे होते. त्याच्या आयुष्यातले मला सर्वांत आवडणारे पान हे. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी तो गेला, तेव्हा ग्रंथाच्या नवव्या आवृत्तीचे काम चालू होते आणि बौद्ध तीर्थस्थाने पाहायला जाण्याचा बेत होता. हायडेलबर्गच्या स्मशानभूमीत त्याला पुरले.

त्याला हवे होते ते डोळे पन्नास वर्षांनी आले. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या सतरा जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या या रुग्णांत सरासरीने मोठ्या निघाल्या. जिवंत माणसाच्या मेंदूत सीटी स्कॅनवर पहिल्यांदा काही दिसले. पुढे एमआरआय आला, हजारो लोकांची मोजमापे झाली आणि रुग्णांचा करडा भाग सरासरीने थोडा कमी असतो हेही पुन्हा पुन्हा आढळले. त्यातले आजाराचे किती, औषधांचे किती, वर्षानुवर्षांच्या हालअपेष्टांचे किती, हे वेगळे काढणे आजही कठीण आहे.

पण सरासरी या शब्दाकडे नीट पाहा. एखाद्या शाखेची खात्यामागे सरासरी ठेव पंचवीस हजार असेल, तर नेमके पंचवीस हजार असलेला खातेदार त्या शाखेत एकही नसू शकतो. मेंदूचे तसेच झाले. लहान बाळाच्या वजनाचा तक्ता आपण जाणतो. वयाप्रमाणे वजन कुठवर असावे याचा एक पट्टा असतो आणि आपले बाळ त्यात बसते की बाहेर जाते ते पाहतात. संशोधकांनी निरोगी माणसांवरून मेंदूच्या जागोजागचे असे तक्ते केले आणि एकेका रुग्णाचा मेंदू त्यावर ठेवून पाहिला. २०१८ मध्ये युरोपातल्या एका गटाने स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरच्या शेकडो रुग्णांबाबत हे केले. पट्ट्याच्या फार बाहेर गेलेल्या जागा रुग्णांत होत्या, पण प्रत्येकाच्या वेगळ्या. एकच जागा शंभरात दोनांहून अधिक जणांत बिघडलेली, असे क्वचितच कुठे दिसले. २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी सहा निरनिराळ्या निदानांच्या १२९४ माणसांचे मेंदू तपासले. एकाच निदानाच्या लोकांतही एकाच भागातला तीव्र फरक शंभरात सातांहून अधिकांत सामाईक आढळला नाही.

मग आजार सारखा का दिसतो? मेलबर्नच्या अभ्यासाने एक धागा दिला. वेगवेगळ्या जागी असलेले बिघाड पुष्कळदा एकाच जोडणीवर, एकाच जाळ्यावर सापडतात. एके दिवशी कुर्ल्याला सिग्नल बिघडतो, दुसऱ्या दिवशी मुंब्र्याला रूळ. डोंबिवलीकराला उशीर तोच होतो. मात्र ही जाळी एका निदानापुरती नव्हती, निरनिराळ्या निदानांत तीच पुन्हा भेटत होती. क्रेपेलिनच्या दालनांच्या भिंती मेंदूत तशाच उभ्या नाहीत.

याचा संबंध घरांशी आहे. मुलगा भिंतीशी बोलतो, रात्र रात्र झोपत नाही, म्हणून घाबरलेले आईवडील कर्ज काढून एमआरआय करतात. रिपोर्ट नॉर्मल येतो. मग एखादा काका निकाल देतो, की मेंदूत काही नाही, पोरगा सोंग करतो आहे. डॉक्टर स्कॅन सांगतात तो बहुधा गाठ, सूज, जुनी इजा असे दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी. स्किझोफ्रेनियाचे निदान त्या चित्रावरून आजही होत नाही. ते होते ते क्रेपेलिनच्याच जुन्या रीतीने, माणसाशी बोलून आणि त्याची वाटचाल पाहून. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार खोटा नव्हे आणि औषध बंद करायचे कारण तर नव्हेच. उलट रिपोर्टात एखादी पोकळी मोठी लिहिली असली, तरी तेवढ्यावरून मुलाचे भविष्य ठरत नाही. तेवढी पोकळी नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या एखाद्या धडधाकट माणसातही असू शकते.

म्युनिकच्या त्या संस्थेचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. १९३१ मध्ये र्‍युडिन तिचा प्रमुख झाला. जेम्स लोब मे १९३३ मध्ये वारला आणि पुढच्या दोन महिन्यांतच हिटलरच्या सरकारने आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्या कायद्यावरचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत र्‍युडिन होता. यादीत स्किझोफ्रेनिया होता, उन्माद-अवसादही होता. क्रेपेलिनची दोन्ही दालने. सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत सत्तर हजारांवर रुग्णांना विषारी वायूने मारले गेले, त्यानंतरही इस्पितळांत उपासमारीने आणि औषधांनी मारणे चालू राहिले. मारलेल्यांचे, त्यांत मुलांचेही, मेंदू संशोधनसंस्थांकडे गेले. म्युनिकची संस्थाही त्यात होती.

युद्धानंतर कित्येक वर्षे ते काप कपाटांत राहिले, वापरलेही गेले. १९९० मध्ये म्युनिकच्या वाल्डफ्रीडहोफ स्मशानभूमीत अशा कापांचे सामुदायिक दफन झाले. कुणाचा कोणता, हे न शोधता. पुढे कपाटांत आणखी काप निघाले. २०१७ मध्ये माक्स प्लांक संस्थेने अभ्यासकांचा एक गट नेमला. काचेच्या पट्टीवरचा क्रमांक, इस्पितळाची वही आणि जुने केसपेपर ताडून पाहायचे आणि तो मेंदू कोणाचा होता, त्याचे नाव काय, गाव कोणते, वय किती, हे एकेक करून लिहायचे, असे ते काम होते.